खड्डा बुजण्याआधी

(अभियंता दिनी दिलेल्या विश्वेश्वरय्या स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



१५ सप्टेंबरला मोठ्या धरणांविषयी, मोठ्या पुलांविषयी बोलायची आपली पद्धत आहे. मी मात्र आज एका खड्ड्याविषयी बोलणार आहे. आयोजकांना हे आधी कळवलं होतं. त्यांनी हरकत घेतली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडच्याच एका शहरात एका रुग्णालयाच्या तळघराचं खोदकाम चाललं होतं. नावं सांगत नाही, सांगायची गरजही नाही. इथं बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना ती आपल्याच साइटची हकीकत वाटेल. तीन मीटर खाली गेल्यावर ठेकेदार म्हणाला, कठीण खडक लागला. मालकाचे आर्किटेक्ट म्हणाले, हा कठीण मुरूम. खडकाचा दर मुरमाच्या कित्येक पट, त्यामुळे शब्द बदलला की बिलाचा आकडा बदलतो. साइट इंजिनिअर तरुण होता. त्यानं मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली बिनचूक भरली आणि वर्गवारीच्या जागी पेन्सिलीनं लिहिलं, ‘नंतर ठरवू’.

ते ‘नंतर’ नऊ वर्षांनी आलं. तोवर पीसीसी झालं, राफ्ट झाली, इमारत उभी राहिली, रुग्ण येऊ लागले. लवाद नेमला गेला, त्यात मीही एक होतो. जागेची पाहणी करायला गेलो तर तळघरात गाड्या लावलेल्या. ठेकेदारानं एका स्कूटरखालच्या फरशीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “साहेब, खडक इथंच आहे.” सगळे हसले, तोही हसला. पण त्या हसण्यावर त्याचं नऊ वर्षांचं व्याज चढलं होतं. पुरावा म्हणून दोन फोटो होते. एकात ब्रेकर घेऊन उभा असलेला मजूर, दुसऱ्यात चिखल. दोन्ही बाजूंनी आपापले तज्ज्ञ आणले आणि दोघांनी त्याच फोटोंवरून दोन उलट मतं दिली. आम्ही निवाडा दिला. तो कोर्टात गेला.

आता सांगा, त्या खड्ड्याला खरं तर काय हवं होतं? दोघांनाही मान्य असा एक जाणकार, एक टिकाव, एक पहार आणि एक सकाळ. टिकावानं निघतं ते काय, पहार आणि सुतकी लावल्याशिवाय निघत नाही ते काय आणि सुरुंग किंवा ब्रेकर लागतो ते काय, हे ज्यानं वीस वर्षं खोदकाम पाहिलं आहे त्याला खाली उतरून दोन तासांत सांगता येतं. त्याचं म्हणणं दोघांनी मानायचं, असं करारात आधीच लिहिलेलं असतं तर वाद तिथंच मिटला असता. याला मी बंधनकारक तज्ज्ञनिर्णय म्हणतो.

ही काही परदेशातून आणलेली नवलाई आहे असं समजू नका. जुन्या मराठी मुलखात दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला की गोतसभा बसे, महजर (निवाड्याचा कागद) होई. पण शीव नेमकी कुठून जाते हे सांगायला बऱ्याचदा गावचा महार पुढे चाले आणि तो ज्या वाटेनं जाई ती शीव ठरे. ज्या समाजानं त्याला पंगतीत बसू दिलं नाही, त्याच समाजानं शिवेवर त्याचा शब्द मानला, कारण दगड न् दगड त्याच्या पायाखालचा होता. यातला अन्याय विसरू नये. आणि त्यातली व्यवहारदृष्टीही विसरू नये: ज्याला ठाऊक आहे त्याला विचारायचं, आणि विचारायचं ते जागेवर.

कायद्याच्या भाषेत तज्ज्ञ आणि लवाद यांत फरक आहे. लवाद दोन्ही बाजूंचं ऐकतो, पुरावा तोलतो आणि न्यायाधीशासारखा निवाडा देतो. तज्ज्ञ स्वतः पाहतो, स्वतः मोजतो आणि आपल्या ज्ञानावरून उत्तर देतो. सर्वोच्च न्यायालयानं के. के. मोदी विरुद्ध के. एन. मोदी या १९९८च्या निकालात हा फरक नीट मांडला. तो खटला इमारतीचा नव्हता, एका उद्योगघराण्याच्या वाटणीचा होता. वाटणी अमलात आणताना वाद झाला तर आयएफसीआय या वित्तसंस्थेच्या अध्यक्षांनी निर्णय द्यायचा आणि तो अंतिम, असं कुटुंबानं लिहून ठेवलं होतं. न्यायालय म्हणालं, हा लवादाचा निवाडा नाही, तज्ज्ञाचा निर्णय आहे. आणि आपल्या १९३०च्या मालविक्री कायद्यात तर कलम १० पहिल्यापासून आहे: किंमत तिसऱ्या माणसानं ठरवायची असा सौदा करता येतो.

इंग्लंडमध्ये या विषयावर बराच खल झालेला आहे. कॅम्पबेल विरुद्ध एडवर्ड्स, १९७६. लंडनमधल्या एका फ्लॅटची लीज भाडेकरू परत देणार होती. घरमालकानं तिला किती पैसे द्यायचे हे दोघांनी मान्य केलेला सर्व्हेअर ठरवणार होता. त्यानं १०,००० पौंड ठरवले. मग घरमालकानं दुसऱ्यांकडून किंमत काढली, ती याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. लॉर्ड डेनिंग यांच्या पीठानं घरमालकाला सांगितलं, तुम्हीच मान्य केलेल्या माणसानं प्रामाणिकपणे आकडा सांगितला आहे, आता तो तुमच्यावर बंधनकारक आहे. पुढे जोन्स विरुद्ध शेरवूड या निकालानं मर्यादाही आखून दिली. तज्ज्ञाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं चुकीचं दिलं तरी ते टिकतं. पण विचारलेला प्रश्न सोडून भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, म्हणजे ‘अ’ मोजायला सांगितलं आणि त्यानं ‘ब’ मोजलं, तर ते टिकत नाही.

हे ऐकून तुमच्यातले काही जण अस्वस्थ होतील. चुकलेलं उत्तरही टिकतं? होय, तोच तर सौदा आहे. पण त्या सौद्याची दुसरी बाजूही आहे. न्यायाधीशाला चुकीबद्दल दाव्यात ओढता येत नाही, तज्ज्ञाला येतं. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९७४ साली सटक्लिफ विरुद्ध थॅकरा या खटल्यात बिलं पास करणाऱ्या आर्किटेक्टचं आणि पुढच्याच वर्षी अॅरेन्सनच्या खटल्यात शेअरची किंमत काढणाऱ्या हिशेबनिसांचं कवच काढून घेतलं. निष्काळजीपणा केलात तर भरपाई द्यावी लागेल. म्हणून तज्ज्ञ होणं ही सन्मानाची शाल नव्हे. ती जोखीम आहे, आणि जोखीम असल्यामुळेच तो दोनदा टेप लावतो.

आता घरच्या दुखण्याकडे येतो.

इथं सार्वजनिक बांधकाम खात्यातले निवृत्त-विद्यमान पुष्कळ बसले आहेत. त्यांना बी-१ करारातलं कलम ३० पाठ असेल: अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम आणि सर्वांवर बंधनकारक. वरवर पाहिलं तर हाच की तज्ज्ञनिर्णय! अनुभवी माणूस, विषयाचा जाणकार, निर्णय अंतिम. फक्त एक गोष्ट राहिली. त्याचा पगार करारातला एक पक्ष देतो.

अशी कलमं देशभर आहेत आणि त्यांच्यावर न्यायालयं अर्धं शतक विचार करत आली आहेत. उत्तर प्रदेश शासन विरुद्ध टिप्परचंद या १९८०च्या निकालात, ओरिसाच्या दामोदर दास खटल्यात आणि कर्नाटकातल्या दशरथराम रेड्डी कॉम्प्लेक्सच्या निकालात २०१३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे लवादाचे करार नव्हेत. अधिकाऱ्याला देखरेखीसाठी दिलेले हे अधिकार आहेत. दुसरीकडे गुलबर्गा विद्यापीठाच्या खटल्यात अशाच कलमाला लवादाचा करार मानलं गेलं. शब्द थोडे इकडेतिकडे झाले की निकाल बदलतो आणि ठेकेदार आधी कुठल्या दारात उभं राहायचं यावरच पाच वर्षं भांडतो.

यातली विसंगती पाहा. २०१५ साली लवाद कायद्यात कलम १२(५) आलं. पक्षाचा नोकर आता लवाद होऊ शकत नाही. २०२४च्या नोव्हेंबरात रेल्वे विद्युतीकरणाच्या खटल्यात घटनापीठानं आणखी पुढे जाऊन सांगितलं की सरकारी करारात एका पक्षानं एकतर्फी एकमेव लवाद नेमणं समानतेच्या तत्त्वाला धरून नाही. म्हणजे अधीक्षक अभियंता लवाद म्हणून चालत नाही. पण तोच माणूस, त्याच खुर्चीत, तोच वाद ‘अंतिम निर्णया’च्या कलमाखाली ठरवतो तेव्हा हे नियम त्याला लागू होत नाहीत, कारण तो लवादच नाही! पुढच्या दारानं घालवलेला मागच्या दारानं आत आला. नाही म्हणायला एक कुंपण न्यायालयानं १९८७ सालीच घातलं आहे: रामेश्वर राईस मिलच्या खटल्यात ते म्हणालं की करारभंग झाला की नाही हेच मुळात वादात असेल तर ते ठरवायचा अधिकार एका पक्षाकडे असू शकत नाही. कोणीही आपल्याच प्रकरणात न्यायाधीश नसतो.

मी त्या खुर्चीत बसलेल्या माणसांना दोष देत नाही. मी स्वतः सरकारी नोकरीत होतो. ठेकेदाराचं म्हणणं मला पटलं होतं आणि तरी सही करताना हात थांबला, असं माझं झालेलं आहे. ‘ऑडिटला काय उत्तर देणार?’ हा प्रश्न कुठल्याही इंडियन स्टँडर्डमध्ये नाही, पण आपल्या प्रत्येक मोजमापात तो असतो. तज्ज्ञ बाहेरचा हवा, तो यासाठी. त्यानं अधिकाऱ्याचीही सुटका होते.

मग लवाद काय वाईट, असं कुणी विचारेल. १९८१ साली गुरुनानक फाउंडेशनच्या खटल्यात, तोही दिल्लीतल्या एका इमारतीच्या कामाचा, न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी तेव्हाच्या लवाद कायद्याखालच्या कामकाजाचं वर्णन असं केलं होतं की त्याच्यामुळे वकिलांना हसू येतं आणि कायद्याच्या तत्त्वचिंतकांना रडू. १९९६ साली नवा कायदा आला. २०१५ साली त्यात मुदत घातली: बारा महिने, दोन्ही पक्षांच्या संमतीनं आणखी सहा. तरी ३ जून २०२४ रोजी केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं खात्यांना कळवलं की सरकारी खरेदी-करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नका. ठेवायचं तर साधारणपणे १० कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरतं ठेवा. मग उरलेले वाद जाणार कुठे? दिवाणी न्यायालयात? शहाण्यानं त्या पायरीविषयी काय म्हटलं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मध्यस्थी जरूर करावी, पण खडक आहे की मुरूम हे मध्यस्थाला ठरवता येत नाही. तो फक्त दोघांना अर्ध्यावर आणतो. खडक अर्धा नसतो.

तज्ज्ञनिर्णय कशासाठी वापरायचा? ज्या प्रश्नाचं उत्तर टेपनं, लेव्हलनं किंवा प्रयोगशाळेत मिळतं त्याच्यासाठी. गिलाव्याचं मोजमाप घ्या. आयएस १२०० सांगतं की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही; अर्ध्यापासून तीनपर्यंत एकाच बाजूची करायची; तीनच्या वर दोन्ही बाजूंची आणि मग बाजूंच्या कडा वेगळ्या मोजायच्या. यावर दोन वकिलांनी युक्तिवाद करावा असं त्यात काही नाही. बिलाच्या मोजमापाचे, जादा बाबींच्या दराचे, मालाच्या दर्जाचे, काम किती टक्के पूर्ण झालं याचे प्रश्न या जातीचे.

जे प्रश्न या जातीचे नाहीत ते तज्ज्ञापुढे नेऊ नयेत. करार रद्द करणं योग्य होतं का, फसवणूक झाली का, कलमाचा अर्थ काय, ही कामं कायद्याच्या माणसांची. उशीर कोणामुळे झाला, हा मधला प्रश्न. कामाचं वेळापत्रक रोजच्या रोज नोंदलेलं असेल तर तज्ज्ञाला जमतो, नसेल तर त्यानं हात लावू नये.

एक अनुभव सांगतो. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासात सातव्या मजल्याच्या स्लॅबचे क्यूब, म्हणजे चाचणीसाठी भरलेले काँक्रीटचे ठोकळे, नापास झाले. काँक्रीट एम ३० चं. बिल्डर म्हणाला, क्यूब नीट पाण्यात ठेवले नव्हते, स्लॅब उत्तम आहे. संस्थेच्या सल्लागारांनी सांगितलं, पाडा. काम थांबलं. भाड्याच्या घरांत राहणाऱ्या सभासदांनी रोज रात्री व्हॉट्सअॅपवर स्लॅब पाडला आणि पुन्हा बांधला. सुदैवानं करारात तज्ज्ञाचं कलम होतं आणि दोघांनी मिळून मला नेमलं. मी पहिल्यांदा प्रश्न लिहून घेतला: आयएस ४५६च्या निकषावर हा स्लॅब स्वीकारता येतो का? एवढाच. बिल्डर लबाड आहे का, सल्लागार अतिसावध आहे का, हे मला विचारलेलं नव्हतं.

संस्थेचे सेक्रेटरी आणि बिल्डरचा इंजिनिअर या दोघांच्या देखत स्लॅबमधून तीन कोअर, म्हणजे काँक्रीटची नळकांडी, काढले. प्रत्येकावर दोघांच्या सह्या घेतल्या. प्रयोगशाळेचे आकडे, क्यूबच्या मापात बदलून, आले २८.२, २६.७ आणि २३.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सरासरी २६.१. निकष असा की सरासरी प्रतीच्या, म्हणजे एम ३० मधल्या ३०च्या, ८५ टक्क्यांहून कमी नको, म्हणजे २५.५, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको, म्हणजे २२.५. स्लॅब निकषात बसला. थोडक्यात बसला, पण बसला. मी दोन पानांत आकडे आणि कारणं लिहून दिली. नेमणुकीपासून तेविसावा दिवस होता. सेक्रेटरी मला जिन्यात गाठून म्हणाले, “म्हणजे साहेब, तुम्ही शेवटी बिल्डरच्याच बाजूचे निघालात.” मी म्हटलं, “मी त्या तीन नळकांड्यांच्या बाजूचा.” ते काही प्रसन्न झाले नाहीत. पण दुसऱ्या सोमवारी आठव्या मजल्याच्या सेंट्रिंगला सुरुवात झाली.

आता यातल्या खऱ्या अडचणी. पहिली, भारतीय करार कायद्याचं कलम २८. न्यायालयाची वाट पूर्ण बंद करणारा करार ते रद्द ठरवतं. लवादाला त्यात अपवाद आहे, तज्ज्ञाला नावानं नाही. म्हणून तज्ज्ञाकडे हक्कांचा निवाडा सोपवू नये, वस्तुस्थिती ठरवणं सोपवावं. त्यानं सांगितलेला आकडा हाच करारातला आकडा, असं लिहावं. त्या आकड्यावरून पैसे मागायला न्यायालय खुलं राहतंच. दुसरी, अंमलबजावणी. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, तज्ज्ञाचा निर्णय येत नाही. पैसे दिले नाहीत तर करार मोडला म्हणून दावा लावावा लागतो. पण तो दावा खडकाविषयी नसतो, ठरलेल्या रकमेविषयी असतो. नऊ वर्षांचा आणि त्याचा पल्ला एक नाही.

तिसरी अडचण म्हणजे अपील नाही. ज्यांना हा घास मोठा वाटतो त्यांनी ब्रिटिशांची तडजोड पाहावी. १९९४ साली सर मायकल लेथम यांनी तिथल्या बांधकाम व्यवसायाची तपासणी केली. त्यांच्या अहवालानंतर १९९६ साली कायदा झाला आणि १ मे १९९८पासून बहुतेक बांधकाम करारांत कोणत्याही पक्षाला केव्हाही तटस्थ निर्णायकाकडे जाता येऊ लागलं. त्यानं २८ दिवसांत निर्णय द्यायचा. निर्णय लगेच पाळायचा, पैसे लगेच द्यायचे. पुढे न्यायालयात किंवा लवादात भांडायची मोकळीक आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. पण करारात तसं लिहायला कोणी अडवलेलं नाही: ठरावीक रकमेपर्यंत तज्ज्ञाचा शब्द शेवटचा, त्यावर तात्पुरता बंधनकारक.

कलम लिहायचं तर त्यात काय हवं? तज्ज्ञाचं नाव वाद होण्याआधी, करारावर सही करतानाच ठरवा. भांडण लागल्यावर दोन माणसांचं चहावरही एकमत होत नाही. तो माणूस मालकाचा, बिल्डरचा, त्यांच्या सल्लागारांचा गेल्या काही वर्षांत नोकर किंवा अशील नसावा. पुनर्विकासातला प्रकल्प सल्लागार संस्थेनं नेमलेला असतो, म्हणून तो कितीही भला असला तरी तज्ज्ञ होऊ शकत नाही. कोणते प्रश्न त्याच्याकडे जातील याची यादी द्या. तो लवाद नाही, तज्ज्ञ आहे, हे स्पष्ट लिहा. त्याला जागेवर जायचा, नमुने काढायचा, कागद मागवायचा अधिकार द्या. दोन्ही बाजूंना एकदा म्हणणं मांडू द्या. मुदत ३० दिवस. कारणं लेखी. फी निम्मी-निम्मी, आणि ती आधी जमा. शेवटी, फसवणूक किंवा ढळढळीत चूक नसेल तर निर्णय दोघांवर बंधनकारक. आणि तज्ज्ञ ठरवत असताना काम थांबणार नाही. हे सगळं एका पानात मावतं.

ज्यांच्या स्मृतीचं हे व्याख्यान, ते विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी १९०३ साली बसवलेल्या स्वयंचलित दारांची गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक अभियंत्यानं ऐकलेली आहे. पाणी ठरलेल्या उंचीच्या वर चढलं की दार आपोआप उघडायचं, कोणाच्या हुकमाची वाट पाहायचं नाही. आपल्या करारांना असं दार नाही. पाणी चढत राहतं आणि आपण फाइल वर पाठवत राहतो.

मातीकाम मोजणाऱ्या जुन्या मुकादमांची एक रीत होती. खड्डा खणताना मधे मधे मातीचा एकेक खुंट न खणता तसाच सोडायचा, म्हणजे मूळ जमीन कुठपर्यंत होती ते कोणालाही पाहता येई. मोजमाप झालं, दोघांनी मान्य केलं, की मगच ते खुंट काढायचे. त्या मुकादमांनी करार कायदा वाचला नव्हता. पण साक्ष जागेवर असतानाच हिशेब करायचा असतो, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

इथं ठेकेदार आहेत, सरकारी अभियंते आहेत, सोसायट्यांचे पदाधिकारी आहेत, काही वकीलही दिसतात. तुमच्या टेबलावर आत्ता जो करार सहीसाठी पडला असेल तो उद्या सकाळी उघडा. वादाचं कलम शोधा. अंतिम निर्णय देणाऱ्याचा पगार कोण देतं ते पाहा. उत्तर ‘आपणच’ असेल, तर त्या जागी तज्ज्ञाच्या कलमाचं ते एक पान घाला आणि मग सही करा.